लाख-सव्वा लाखात गेमिंग आणि एडिटिंगचा पीसी: आधी फुटेज बघा, मग पार्ट निवडा

पीसी असेंबल करायचा म्हटलं की बहुतेक जण सुरुवातच "आय फाइव्ह घेऊ की रायझन फाइव्ह" इथून करतात. माझं म्हणणं, हा प्रश्न जरा मागे ठेवा आणि आधी दोन गोष्टी कागदावर लिहून काढा, एक म्हणजे तुमचं फुटेज कुठल्या कॅमेऱ्यातून किंवा मोबाइलमधून येतं, आणि दुसरी म्हणजे मॉनिटर कुठल्या रिझोल्यूशनचा आहे किंवा घेणार आहात. गेमिंगचा सगळा हिशोब मॉनिटरवरून ठरतो आणि एडिटिंगचा फुटेजवरून. एवढं लिहिलंत की अर्धे पार्ट तिथेच ठरतात आणि मग दुकानात कोणी काहीही गळ्यात मारू शकत नाही. मी इथे बजेट धरतोय लाख ते सव्वा लाख, मॉनिटर, कीबोर्ड-माउस आणि यूपीएस वेगळं.

फुटेजचं आधी सांगतो कारण याकडे कोणी बघतच नाही. मीडियाइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते टाका, तुमची एक क्लिप त्यात ओढून सोडा आणि तीन ओळी वाचा: फॉरमॅट, क्रोमा सबसॅम्पलिंग (रंगाची माहिती किती ठेवली आहे, ४:२:० मध्ये कमी, ४:२:२ मध्ये जास्त) आणि बिट डेप्थ (रंगाच्या छटा किती बारीक). फॉरमॅटसमोर एव्हीसी दिसलं तर ते एच २६४, एचईव्हीसी दिसलं तर एच २६५. मोबाइलचं फुटेज बहुतेक वेळा ४:२:० निघतं, ८ किंवा १० बिट, आणि ते आजचं कुठलंही बरं ग्राफिक्स कार्ड सहज डीकोड करतं, म्हणजे प्ले करण्यासाठी उलगडतं. पण सोनी, कॅनन, पॅनासॉनिकच्या मिररलेस कॅमेऱ्यांत लोक हल्ली ४:२:२ १० बिटमध्ये शूट करतात, कारण कलर ग्रेडिंगला ते छान वाकतं, आणि नेमकं इथेच घोडं पेंड खातं. एनव्हिडियाच्या ४० सिरीजपर्यंतच्या कार्डांत ४:२:२ डीकोड करायची सोयच नव्हती, ती ५० सिरीजपासून आली. एएमडीच्या आत्तापर्यंतच्या कार्डांत ती नाही. इंटेलच्या ११व्या जनरेशनपासून प्रोसेसरमधल्या आतल्या ग्राफिक्सला एच २६५ चं ४:२:२ जमतं, याला क्विक सिंक म्हणतात, पण तेच १२वी ते १४वी जनरेशन एच २६४ च्या ४:२:२ ला हात लावत नाहीत. म्हणजे दोन मित्रांकडे एकाच किमतीचे पीसी असले तरी एकाची टाइमलाइन लोण्यासारखी सरकेल आणि दुसऱ्याची दर सेकंदाला अडकेल, आणि दुसरा बिचारा रॅम वाढवत बसेल.

माझा मावसभाऊ लग्नाचे व्हिडिओ करतो, त्याचं अगदी हेच झालं होतं. रायझन, आधीच्या जनरेशनचं कार्ड, ३२ जीबी रॅम, कागदावर सगळं झकास, पण कॅमेऱ्याची क्लिप टाइमलाइनवर टाकली की प्ले होताना फ्रेम गळायच्या. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर क्लिक केलं तर तिथे व्हिडिओ डीकोडचा आलेख जमिनीला टेकलेला आणि सीपीयू मात्र शंभर टक्क्यांवर. याचा सरळ अर्थ असा की कार्ड काहीच करत नाहीये, सगळी क्लिप सीपीयू एकटा उलगडतोय. त्याने नवीन काही विकत घेतलं नाही, प्रॉक्सी, म्हणजे मूळ क्लिपच्या हलक्या नकला, बनवायला सुरुवात केली आणि काम मार्गी लागलं. तुम्हीही सध्याच्या पीसीवर हा आलेख एकदा बघाच, दोन मिनिटांचं काम आहे आणि पैसे कुठे घालायचे ते त्यातून कळतं.

आता प्रोसेसर. या बजेटमध्ये नव्याने सगळं घेणार असाल तर माझं मत एएमडीच्या एएम ५ सॉकेटकडे आहे (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसवायची जागा), म्हणजे रायझन ५ ७६००, किंवा थोडं ताणता येत असेल तर ८ कोअरचा रायझन ७ ७७००. दोन्ही ६५ वॅटचे आहेत, दोघांच्या बॉक्समध्ये कूलर येतो, आणि या सॉकेटला २०२७ आणि पुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने स्वतः सांगितलंय, त्यामुळे तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून भागेल. ९६००एक्स पण चांगला आहे पण त्याच्यासोबत कूलर येत नाही, तो खर्च धरून मग तुलना करा. एक्स३डी वाले (आत जास्तीची कॅश, म्हणजे जलद मेमरी असलेले) प्रोसेसर गेमिंगला जबरदस्त आहेत यात वाद नाही, पण ती जास्तीची कॅश एक्सपोर्टला फारशी उपयोगी पडत नाही, तेवढे पैसे कार्डात घाला.

इंटेल कधी घ्यायचा? तुमचं फुटेज एच २६५ ४:२:२ असेल आणि एनव्हिडियाचं ५० सिरीजचं कार्ड बजेटमध्ये बसत नसेल तर, किंवा घरात जुनी डीडीआर ४ रॅम चांगल्या अवस्थेत पडून असेल तर. आय ५ १४४०० आणि बी ७६० चा डीडीआर ४ वाला बोर्ड असं जोडलं तर ती रॅम वापरता येते. इथे एक अक्षर नीट बघा. मॉडेलच्या शेवटी एफ असेल तर त्यात आतलं ग्राफिक्स नसतं, म्हणजे क्विक सिंक पण नसतं. दुकानात "तुम्हाला तर कार्ड लावायचंच आहे, एफ घ्या, स्वस्त पडेल" असं सांगतात, गेमिंगपुरतं ते बरोबर आहे, पण एडिटिंग करणाऱ्याने ते थोडे पैसे वाचवू नयेत. आणि कार्ड लावल्यावर बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात, ते बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, आयजीपीयू मल्टी मॉनिटर नावाच्या सेटिंगने परत चालू करावं लागतं, मग प्रीमिअरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियाखाली हार्डवेअर डीकोडिंगसमोर इंटेलची टिक आहे का तेही बघा. १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या वरच्या मॉडेलांमध्ये व्होल्टेजमुळे प्रोसेसर अस्थिर होण्याचा प्रकार २०२४ मध्ये गाजला होता, इंटेलने मायक्रोकोडचा (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचा) अपडेट दिला, तो बायोसमधून येतो, आणि वॉरंटी २ वर्षांनी वाढवली, तर या पिढीतलं काहीही घेतलं की पहिलं काम बायोस अपडेट. आणि हा सॉकेट १४व्या जनरेशनवर संपला, पुढे त्यात काही येणार नाही, हे माहिती असून घ्या.

ग्राफिक्स कार्ड हा सगळ्यात मोठा खर्च, एकूण बजेटच्या ३५ ते ४० टक्के इथे गेले तरी चालतील. माझी पहिली पसंती आरटीएक्स ५०६० टीआय, आणि तेही १६ जीबी वालं. या कार्डाचे दोन प्रकार आहेत, ८ आणि १६ जीबी, नाव एकच, डबा पण जवळपास सारखाच, त्यामुळे बिलावर १६ जीबी लिहिलंय का हे वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. ८ जीबी आज १०८०पी ला चालून जातं, पण १४४०पी ला टेक्स्चर अल्ट्रावर ठेवले की नव्या गेममध्ये मेमरी भरते आणि मग सरासरी एफपीएस छान दिसत असताना मध्येच झटके बसतात. एडिटिंगला तर अजून लवकर भरते, ४के टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन आणि दोन-तीन इफेक्ट लावले की डाविंची रिझॉल्व्ह सरळ जीपीयूची मेमरी संपली असा एरर देतं.

फक्त गेमिंग आणि अधूनमधून मोबाइलचे व्हिडिओ एवढंच काम असेल तर आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी जरूर बघा, बरेचदा स्वस्त मिळतं आणि गेममध्ये कमी नाही. पण आफ्टर इफेक्ट्स, ब्लेंडर, एआयचे प्लगइन वगैरे असेल तर एनव्हिडियाचाच रस्ता सोपा, बरीच सॉफ्टवेअरं कुडा (एनव्हिडियाच्या कार्डावर हिशोब चालवायची तिची स्वतःची पद्धत) धरून लिहिलेली आहेत आणि प्रत्येक वेळी गुगल करत बसायला वेळ कोणाकडे असतो. बजेट फारच घट्ट असेल तर इंटेलचं आर्क बी ५८० आहे, १२ जीबी मेमरी, व्हिडिओचं काम सुंदर करतं, फक्त बायोसमध्ये रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू पाहिजे नाहीतर परफॉर्मन्स चांगलाच पडतो, आणि जुने गेम खेळणाऱ्यांनी आपले गेम त्यावर कसे चालतात याचे व्हिडिओ आधी बघून घ्यावेत.

मॉनिटरचा संबंध इथे येतो. २४ इंची १०८०पी असेल आणि व्हॅलोरंटसारखे गेम खेळत असाल तर तिथे ताण प्रोसेसरवर जास्त येतो, महाग कार्ड नुसतं बसून राहतं. २७ इंची १४४०पी वर सायबरपंक २०७७ खेळायचा असेल तर सगळा भार कार्डावर. एडिटिंग पण करायचंय तर माझ्या मते २७ इंची १४४०पी आयपीएस पॅनल घ्या, एसआरजीबी (वेब आणि मोबाइलसाठीचा नेहमीचा रंगांचा पट्टा) शंभर टक्क्यांच्या जवळ असावं, टाइमलाइनला जागा मिळते आणि रंग मोबाइलवर वेगळेच दिसले असं होत नाही. मॉनिटरची केबल कार्डालाच लावा, बोर्डाला नको, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने १४४ किंवा जो असेल तो निवडा. १४४ हर्ट्झचा मॉनिटर वर्षभर ६० वर चालवणारे लोक खूप आहेत.

रॅमचं सध्या दुखणंच आहे. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांपासून भाव असे भडकलेत की वर्षभरापूर्वीचा कुठलाही यूट्यूब व्हिडिओ बघून बजेट लावू नका. कारण एआयच्या डेटा सेंटरला मेमरी लागतेय आणि बनवणाऱ्या कंपन्यांचा माल तिकडे वळलाय, एसएसडीला पण याची झळ बसतेय. अशा वेळी काय करायचं, तर ३२ जीबी हेच लक्ष्य ठेवा, १६-१६ च्या दोन काड्या, डीडीआर ५ ६०००, सीएल (रॅमला उत्तर द्यायला लागणारा वेळ, आकडा कमी तितका चांगला) ३० मिळाली तर उत्तम, सीएल ३६ स्वस्त मिळत असेल तर तीही घ्या, फरक थोडाच पडतो. ३२ परवडतच नसेल तर १६ ची एकच काडी घेऊन नंतर दुसरी टाकू असा विचार लोक करतात. चालेल, पण तोपर्यंत सिंगल चॅनलवर (रॅमची एकच वाट चालू) गेममध्ये मार बसेल आणि नंतरची काडी अगदी त्याच मॉडेलची शोधावी लागेल. आरजीबी वाली रॅम महाग असेल तर सोडून द्या. आणि चार काड्या लावू नका, एएम ५ वर चार लावल्या की स्पीड बराच खाली आणावा लागतो. दोन काड्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये.

बोर्डावर फार वेळ घालवायची गरज नाही. बी ६५० किंवा बी ८५० चिपसेट, व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर) हीटसिंक असलेला, एसएसडीसाठी दोन एम डॉट टू स्लॉट आणि यूएसबीवरून बायोस फ्लॅश करायचं बटण, एवढं असलं की झालं. वायफाय हवं असेल तर बोर्डातच असलेलं घ्या. एक्स सिरीजचे बोर्ड या बजेटला नकोत.

एसएसडी मात्र नीट निवडा, कारण एडिटिंगमध्ये इथेच फसगत होते. डब्यावर ५००० एमबी प्रति सेकंद लिहिलेलं असतं, ते सुरुवातीच्या काही जीबीपुरतं असतं. क्यूएलसी वाली (एका पेशीत चार बिट कोंबणारी) स्वस्त एसएसडी आधी आपल्या कॅशमध्ये लिहिते आणि कॅश भरली की स्पीड हार्डडिस्कच्या पातळीवर येऊ शकतो. हिशोब करून बघा, १०० एमबीपीएसचं (इथे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे) फुटेज म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. लग्नाचं दोन कॅमेऱ्यांचं चार तासांचं शूट एका बैठकीत कॉपी करायला घेतलं तर ३६० जीबी झाले, तिथे क्यूएलसीचा जीव जातो. म्हणून टीएलसी (पेशीत तीनच बिट), आणि जमलं तर डीरॅम कॅश असलेली, उदाहरणार्थ डब्ल्यूडीची एसएन ८५०एक्स किंवा सॅमसंगची ९९० प्रो. एसएसडीची जेन ४ पिढी पुरे, जेन ५ चे पैसे वाया. एक टीबीची एक घेऊन सुरुवात करा, नंतर दुसऱ्या स्लॉटमध्ये फुटेजसाठी वेगळी टाका. संपलेले प्रोजेक्ट साध्या ४ टीबीच्या हार्डडिस्कवर, आणि क्लायंटचं काम असेल तर दोन ठिकाणी कॉपी, यात अजिबात हयगय नको.

पॉवर सप्लायमध्ये हात आखडता घेऊ नका, हे मी ज्याला त्याला सांगतो. ५०६० टीआय १८० वॅटचं कार्ड आहे, ६५ वॅटवाला रायझन पूर्ण जोरात ८८ वॅटपर्यंत घेतो, बाकी सगळं धरून साडेतीनशेच्या आत भागतं, म्हणजे चांगल्या कंपनीचा ६५० वॅट भरपूर झाला. ८० प्लस गोल्डचं चिन्ह हे वीज किती कमी वाया जाते याचं आहे, आतला माल कसा आहे याचं नाही, म्हणून त्याच मॉडेलचा रिव्ह्यू शोधा आणि वॉरंटी ५ वर्षं किंवा जास्त आहे का बघा. कॅबिनेटसोबत फुकट येणारा सप्लाय घेऊच नका. मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणारा) असेल तर जुन्या सप्लायच्या केबल नव्याला कधीही लावू नका, प्लग बसतो पण आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते आणि ड्राइव्ह जळतात.

यालाच जोडून घरची लाइट. कॅबिनेटच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि मुंग्या आल्यासारखं वाटलं तर तुमच्या सॉकेटला अर्थिंग नाहीये, पीसी चालू करण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवा. यूपीएस घेताना व्हीए आणि वॅटमध्ये गल्लत करू नका, बाजारातला नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच देतो, पीसीसोबत मॉनिटरही त्यावर असेल आणि गेम चालू असताना लाइट गेली तर तो ओव्हरलोड होऊन पीसीसकट बंद पडू शकतो. १००० ते ११०० व्हीए घ्या. घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून यूपीएस नको असं काहींना वाटतं, पण साध्या इन्व्हर्टरला बॅटरीवर जायला जो वेळ लागतो तेवढ्यात पीसी रीस्टार्ट होऊ शकतो, यूपीएस मोड असेल तर तो चालू करून तपासून बघा.

कॅबिनेट समोरून जाळीचं घ्या. समोर काच आणि आत रंगीत लाइट असं दिसायला भारी वाटतं, पण अकोला, चंद्रपूर, नागपूरला मे महिन्यात खोलीतच चाळिशीच्या आसपास तापमान असतं, तिथे आत हवा जायला वाट पाहिजे. पुढे दोन फॅन आत खेचणारे, मागे एक बाहेर फेकणारा. डस्ट फिल्टर सहज निघणारा असावा, नाहीतर तो कोणी साफ करत नाही. बॉक्समधला कूलर ७६०० ला पुरतो, पण एक्सपोर्टच्या वेळी आवाज करतो, दीपकूलचा एके ४०० सारखा साधा एअर कूलर टाकला तर शांतता मिळते. लिक्विड कूलर या बजेटमध्ये नको.

खरेदी कुठून करायची? मुंबईत लॅमिंग्टन रोड आहेच, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. पण जाण्याआधी दोन-तीन ऑनलाइन दुकानांचे भाव लिहून घेऊन जा, आणि कोटेशन मागताना प्रत्येक पार्टचं पूर्ण मॉडेल लिहून मागा. "१६ जीबी रॅम, ५१२ एसएसडी, ५५० वॅट सप्लाय" असं मोघम कोटेशन आलं की समजा कुठेतरी हलका माल घुसणार. पार्टवर १८ टक्के जीएसटी लागतो, बिल नको म्हणालात तर स्वस्त देतो असं कोणी म्हटलं तरी पक्कं बिलच घ्या, त्यावर सीरियल नंबर लिहून घ्या, कारण वॉरंटीच्या वेळी तोच कामाला येतो. अमेरिकेतला किंवा दुबईतला नातेवाईक कार्ड आणणार असेल तर इथे वॉरंटी मिळते का हे त्या कंपनीच्या साइटवर आधी तपासा, बऱ्याच कंपन्या ती देशापुरतीच देतात. बोर्ड घेतला की तिथेच काउंटरवर सॉकेटचं झाकण उघडून पिना बघा, एएम ५ आणि इंटेल दोन्हीत पिना बोर्डावर असतात आणि वाकलेली पिन घरी गेल्यावर सापडली तर कोणी ऐकून घेत नाही. पार्सल आलं तर सील फोडण्यापासून अखंड व्हिडिओ काढा.

जोडणी यूट्यूब बघून घरी होते, तीन-चार तास धरा. कूलरच्या खालचं प्लास्टिक काढा, कार्ड बसवण्याआधी प्रोसेसरची ८ पिनची केबल लावून घ्या नाहीतर नंतर हात जात नाही. आणि पहिल्यांदा चालू केल्यावर डीडीआर ५ चा पीसी काही मिनिटं काळी स्क्रीन दाखवत बसतो, फॅन फिरतात पण डिस्प्ले येत नाही, घाबरून बटण दाबू नका, तो मेमरी ट्रेनिंग करतोय, दहा मिनिटं थांबा. मग बायोसमध्ये जाऊन एक्सपो चालू करा, इंटेल असेल तर एक्सएमपी, ते केलं नाही तर ६००० ची रॅम कमी स्पीडवरच चालत राहते. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे थेट ११ टाका.

पहिल्या आठवड्यात पीसीला अजिबात दया दाखवू नका, बदलून मिळण्याची मुदत चालू असतानाच दोष बाहेर आला पाहिजे. मेमटेस्ट ८६ रात्रभर लावून ठेवा, एकही एरर आला तर रॅम परत. सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारं सॉफ्टवेअर) अर्धा तास, एखादा जड गेम दोन तास, आणि तुमच्याच फुटेजचा एक लांब एक्सपोर्ट, हे सगळं करताना एचडब्ल्यूइन्फोमध्ये तापमान बघा. उन्हाळ्यात कार्ड सत्तर-पंच्याहत्तरच्या घरात असेल तर मस्त, ऐंशीच्या वर सतत जात असेल तर आधी कॅबिनेटची बाजू उघडून परत तोच गेम चालवा, तापमान धाडकन उतरलं तर दोष हवा खेळण्याचा आहे आणि एक फॅन वाढवून काम होईल, नाही उतरलं तर कार्ड घेऊन दुकान गाठा.